हाडांतली कोरी वर्तुळे : अस्थिमज्जेतील मेदपेशी आणि रक्ताचा कर्करोग

मटणाच्या रश्शातील नळी ताटावर आपटून तिच्यातला मऊ ऐवज काढणाऱ्याला आपण नेमके काय खातो आहोत, हे सहसा ठाऊक नसते. तो ऐवज म्हणजे अस्थिमज्जा. आणि पायाच्या लांब हाडातील मज्जा असल्यामुळे तिचा बहुतांश भाग निव्वळ चरबी असतो. माणसाच्या हाडांतही हीच चरबी असते. निरोगी प्रौढाच्या मज्जेचा निम्म्याहून अधिक भाग तिने व्यापलेला असू शकतो. रक्त जिथे जन्माला येते, त्याच घरात एवढी चरबी कशासाठी? हा प्रश्न वैद्यकशास्त्राने जवळजवळ शंभर वर्षे मनावर घेतला नाही. तो का घेतला नाही, आणि घेतल्यानंतर रक्ताच्या कर्करोगाविषयी काय उमगले, त्याचा हा थ्रेड.

आधी शब्दाविषयी थोडेसे. मराठीत ‘मज्जा’ हा शब्द फसवा आहे. मज्जातंतू, मज्जारज्जू, मज्जासंस्था या शब्दांमुळे तो मेंदू आणि चेतातंतूंशी जोडला गेला आहे. येथे तो त्याच्या जुन्या अर्थाने, म्हणजे हाडाच्या पोकळीतील मऊ गर या अर्थाने घ्यायचा आहे. आयुर्वेदाच्या सात धातूंत मेद, अस्थी आणि मज्जा हे एकापाठोपाठ येतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तर याहून सूक्ष्म निरीक्षण आहे: मोठ्या हाडांच्या आत मज्जा असते, तर इतर हाडांत असतो तो ‘सरक्त मेद’, म्हणजे रक्तयुक्त चरबी. लांब हाडांतील पिवळा गर आणि लहान हाडांतील तांबूस गर यांतला फरक कोणीतरी डोळ्यांनी नीट पाहिला होता, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. मात्र त्यापुढे जाऊन ‘रक्त हाडांत तयार होते हे आपल्याला आधीच माहीत होते’ असे म्हणणे चुकीचे ठरेल. आयुर्वेदाने रक्ताचे स्थान यकृत आणि प्लीहा हेच मानले होते. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चित्र फार वेगळे नव्हते.

१८४५ साली एडिंबरोत जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रूडॉल्फ फिर्खो यांनी काही आठवड्यांच्या अंतराने एकाच विचित्र आजाराची वर्णने प्रसिद्ध केली. रुग्णांची प्लीहा प्रचंड वाढलेली होती आणि मृत्यूनंतर तपासलेल्या रक्तात पांढऱ्या पेशींचा महापूर होता. बेनेट यांना तो रक्तातला पू वाटला. फिर्खो अधिक सावध होते. त्यांनी आधी ‘पांढरे रक्त’ असे साधे वर्णन केले आणि १८४७ मध्ये त्याच अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ‘ल्युकेमिया’ हे नाव दिले. पण या पांढऱ्या पेशी येतात कुठून? फिर्खो यांनी आजाराचे दोन प्रकार केले, एक प्लीहेचा आणि दुसरा लसीका ग्रंथींचा. हाडांकडे कोणी पाहिलेच नाही. शवविच्छेदनात हाड फोडणे कष्टाचे असते, आणि फोडून मिळणार काय, तर चरबी!

ते कष्ट क्योनिग्सबर्ग येथील अर्न्स्ट नॉयमान यांनी घेतले. त्यांची पद्धत आजच्या मानाने अगदी साधी होती. माणसाची आणि सशाची हाडे दाबून निघालेला रस त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात त्यांना केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी दिसल्या. प्रौढ माणसाच्या वाहत्या रक्तातील तांबड्या पेशींना केंद्रक नसते. गर्भाच्या रक्तात मात्र अशा पेशी सापडतात. म्हणजे हाडांत दिसत होत्या त्या घडत असलेल्या, अर्ध्या तयार पेशी होत्या. १८६८ साली नॉयमान यांनी जाहीर केले की रक्ताची निर्मिती अस्थिमज्जेत होते, आणि ती जन्मभर चालू राहते. इटलीत जूलिओ बिझोझेरो हे स्वतंत्रपणे त्याच वर्षी त्याच निष्कर्षाला पोहोचले होते. अनेक समकालीनांचा यावर विश्वास बसला नाही. पण लवकरच नॉयमान यांना ल्युकेमियाने मृत झालेल्या एका रुग्णाच्या हाडांत नेहमीच्या लाल गराऐवजी मळकट, पुवासारखा दिसणारा गर आढळला, आणि फिर्खो यांच्या दोन प्रकारांत तिसऱ्याची भर पडली: मज्जेतून उद्भवणारा ल्युकेमिया. ‘मायलॉइड’ हा शब्द आज रुग्णांच्या कागदपत्रांवर दिसतो, त्याचे मूळ तिथे आहे.

नॉयमान यांचे चरबीशी थेट संबंधित असलेले काम त्यानंतरचे, १८८२ सालचे. नवजात बालकाची सर्व हाडे लाल मज्जेने भरलेली असतात. वय वाढते तशी ही लाली हातापायांच्या टोकांकडून शरीराच्या मध्याकडे ओसरत जाते आणि तिची जागा पिवळी, मेदयुक्त मज्जा घेते. प्रौढपणी लाल मज्जा उरते ती मुख्यतः कवटी, मणके, छातीचे हाड, बरगड्या, कटी आणि मांडी व दंडाच्या हाडांची वरची टोके यांत. हा नियम नॉयमान यांच्या नावाने ओळखला जातो. नियम अचूक होता, पण त्याने नकळत एक दृष्टी रुजवली: लाल म्हणजे कामाचे, पिवळे म्हणजे निवृत्त.

१८८८ मध्ये पाउल एर्लिख यांनी या दृष्टीवर जणू शिक्काच मारला. एक तरुण गर्भवती स्त्री झपाट्याने रक्तक्षय होऊन दगावली होती. शवविच्छेदनात तिच्या मांडीच्या हाडात लाल मज्जा सापडलीच नाही. होती ती केवळ चरबी. ज्याला पुढे अप्लास्टिक अॅनिमिया म्हटले गेले, त्या आजाराचे हे पहिले वर्णन. रक्त घडवणाऱ्या पेशी नाहीशा झाल्या आणि रिकामी जागा चरबीने भरली, हा त्याचा सरळ अर्थ लावला गेला. चरबी म्हणजे ओसाड घरात वाढलेले गवत.

या समजुतीला प्रयोगशाळेतील एका रोजच्या कृतीनेही हातभार लावला, आणि ती या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. मज्जेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तर आधी आम्लात ठेवून त्यातील हाड मऊ करावे लागते. मग अल्कोहोलमध्ये बुडवून त्यातले पाणी काढायचे, झायलीनसारख्या द्रावकातून न्यायचे, वितळलेल्या मेणात बसवायचे आणि त्याचे पातळ काप घ्यायचे. अल्कोहोल आणि झायलीन चरबी विरघळवतात. परिणामी मेदपेशी तपासणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पोहोचण्याआधीच आतून रिकामी झालेली असते. उरते ते फक्त तिच्या कडेचे बारीक वर्तुळ. रक्तपेशी निळ्याजांभळ्या रंगांत उठून दिसतात आणि त्यांच्या मध्ये ही पांढरी, कोरी वर्तुळे. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ती पाहिली आणि ‘इथे काही नाही’ असे वाचले. जे होते ते त्यांच्याच पद्धतीने धुऊन टाकले होते.

१९२७ साली लेनिनग्राडमध्ये मिखाईल अरिंकिन यांनी छातीच्या हाडात सुई खुपसून जिवंत रुग्णाची मज्जा ओढून काढण्याची पद्धत आणली. निदानाच्या दृष्टीने ही क्रांतीच होती. रुग्ण मरण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. पण सुईने ओढलेल्या द्रवातही नजर जात होती ती रक्तपेशींवरच.

याच काळात शिकागोमध्ये एक विलक्षण प्रयोग झाला. प्रौढ उंदराच्या शेपटीच्या मणक्यांत पिवळी मज्जा असते. चार्ल्स हगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेपटीचे टोक वळवून उंदराच्याच पोटात शिवून टाकले. पोटातली ऊब मिळाल्यावर शेपटीतली पिवळी मज्जा लाल झाली. हे १९३६ सालचे. याचा अर्थ पिवळी मज्जा मेलेली नव्हती. परिस्थिती बदलली की ती पुन्हा कामाला लागू शकत होती. हगिन्स पुढे दुसऱ्याच विषयाकडे वळले आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावरील कामासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उंदराची शेपटी मात्र या कथेत पुन्हा येणार आहे.

दरम्यान रक्ताच्या कर्करोगावर औषध सापडले, आणि त्याचा एक धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. १९२८ पासून काही वर्षे ल्यूसी विल्स या ब्रिटिश संशोधिकेने मुंबईत गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फोलिक आम्ल, हे पुढे सिद्ध झाले. रक्त घडायला फोलिक आम्ल लागते, तर ते अडवून धरल्यास कर्करोगाचे रक्तही अडेल, हा उलटा विचार बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी केला. त्यांना हवे असलेले फोलिक आम्लविरोधी औषध आंध्रातून अमेरिकेला गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने बनवले. १९४८ मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: ल्युकेमियाच्या १६ बालरुग्णांपैकी १० जणांमध्ये सुधारणा झाली होती. पण ती टिकली नाही. मज्जा काही काळ स्वच्छ दिसे आणि मग आजार परत येई. कुठून? औषधाच्या माऱ्यातून वाचलेल्या पेशी कोणाच्या आधाराने जगत होत्या? या प्रश्नाचे एक उत्तर त्या कोऱ्या वर्तुळांत असू शकेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नाही.

दृष्टी बदलायला १९७० चे दशक उजाडावे लागले. मँचेस्टरमध्ये मायकेल डेक्स्टर आणि सहकारी उंदराची मज्जा काचपात्रात जिवंत ठेवण्याच्या खटपटीत होते. १९७७ मध्ये त्यांना आठवड्यांमागून आठवडे रक्तपेशी घडत राहतील अशी पद्धत साधली, आणि त्या पात्राच्या तळाशी जो चिकटलेला थर तयार होई, त्यात मोठमोठ्या मेदपेशी होत्या. पुढच्याच वर्षी, त्याच शहरातील रे स्कोफिल्ड यांनी मूलपेशी एकट्या राहत नाहीत, त्यांना विशिष्ट शेजार लागतो आणि त्या शेजारावरच त्यांचे वागणे ठरते, ही कल्पना मांडली. रक्ताच्या अभ्यासात ‘पेशी कोणती’ याइतकेच ‘पेशी कुठे आहे’ हे महत्त्वाचे झाले ते तेव्हापासून.

अमेरिकेत मेहदी तवासोली यांनी थेट मेदपेशींनाच हात घातला. रक्ताची गरज अचानक वाढवली, तर लाल मज्जेत विखुरलेल्या मेदपेशी आक्रसून जागा करून देतात, पिवळ्या मज्जेतल्या मात्र ढिम्म हलत नाहीत, हे त्यांना दिसले. १९७६ मध्ये त्यांनी चंचल आणि स्थिर असे मज्जेतील मेदाचे दोन प्रकार केले. त्या वेळी या कामाचा फारसा गाजावाजा झाला नाही. सुमारे ४० वर्षांनी, चरबी धुऊन न टाकता ऑस्मियमने रंगवून तिची त्रिमिती चित्रे काढणे शक्य झाल्यावर, एरिका शेलर आणि सहकाऱ्यांनी जवळपास तीच विभागणी नव्याने मांडली.

मग शेपटी परत आली. २००९ साली ओलाया नावेरास, जॉर्ज डेली आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या छातीच्या मणक्यांची तुलना शेपटीच्या मणक्यांशी केली. छातीच्या मणक्यांत चरबी जवळजवळ नसते, शेपटीच्या मणक्यांत ती भरपूर असते. आणि जिथे चरबी अधिक, तिथे रक्त घडवणाऱ्या मूलपेशी कमी आढळल्या. जनुकीय बदलामुळे मेदपेशी तयारच होत नाहीत अशा उंदरांना किरणोत्साराचा मारा देऊन मज्जा रोपण केले, तर ती नेहमीपेक्षा लवकर सावरली. निष्कर्ष असा की मेदपेशी रिकामी जागा भरत नाहीत, त्या रक्तनिर्मितीला लगाम घालतात. गवताला आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले.

हा निकाल फार काळ निर्विवाद राहिला नाही. २०१७ मध्ये बो झोऊ, शॉन मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी त्याच जातीच्या चरबीहीन उंदरांच्या मांडीची हाडे पाहिली. तिथे चित्र नेमके उलटे होते. किरणोत्सारानंतर मेदपेशी एक असे प्रथिन स्रवत होत्या की ज्याच्यावाचून मूलपेशींचे पुनरुज्जीवन रखडत होते. चरबी नसलेल्या उंदरांच्या लांब हाडांत रक्तनिर्मिती उशिरा सावरली. शेपटीत मात्र तसे झाले नाही. एकच पेशी, एकच प्राणी, पण हाड बदलले की भूमिका बदलली. अर्धशतकापूर्वीची तवासोली यांची विभागणी डोळ्यांपुढे ठेवली, तर यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

कर्करोगाच्या बाबतीत ही गुंतागुंत जिवावर बेतणारी ठरते. फार्बर यांच्या प्रश्नाकडे येथे परतावे लागते. लॉस एंजेलिस येथील स्टीव्हन मिटलमन यांच्या चमूने २००९ मध्ये दाखवले की लठ्ठ उंदरांत ल्युकेमियावरील औषध कमी परिणामकारक ठरते, आणि काचपात्रात मेदपेशींच्या सान्निध्यात ठेवलेल्या कर्कपेशी औषधाला अधिक दाद देत नाहीत. चार वर्षांनी त्याची एक यंत्रणा त्यांच्या हाती लागली. मुलांच्या ल्युकेमियावर अॅस्परॅजिनेज नावाचे औषध वापरतात. गिनिपिगच्या रक्तद्रवाने उंदरांच्या गाठी विरघळतात, या १९५३ मधील निरीक्षणातून ते जन्मले. कर्कपेशींना लागणारी काही अमिनो आम्ले तोडून त्यांची उपासमार करणे, हे त्याचे काम. मेदपेशी त्याच वेळी ग्लुटामीन हे अमिनो आम्ल बाहेर सोडून कर्कपेशींना पोसतात. वेढा पडलेल्या किल्ल्यात चोरवाटेने रसद पोहोचावी, तसा हा प्रकार.

यातली खरी अडचण पुढे आहे. केमोथेरपी आणि किरणोत्सार यांच्यानंतर मज्जेतील रक्तपेशी मरतात आणि मेदपेशी वाढतात. म्हणजे उपचार जितका जोरदार, तितका वाचलेल्या मोजक्या कर्कपेशींचा शेजार अधिक मेदयुक्त.

२०१७ साली आणखी दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधील नॉरिच येथे मनार शफात, स्टुअर्ट रशवर्थ आणि सहकाऱ्यांनी तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशी मज्जेतील मेदपेशींसोबत वाढवल्या. कर्कपेशी मेदपेशींना त्यांचा साठा फोडायला भाग पाडतात, त्यातून सुटलेली मेदाम्ले एका वाहक प्रथिनाच्या मदतीने आपल्याकडे ओढतात आणि इंधन म्हणून जाळतात, असे त्यांना आढळले. ते वाहक प्रथिन कमी केले, तेव्हा उंदीर अधिक काळ जगले. म्हणजे मेदपेशी शत्रूला मिळालेली. निदान लुटली गेलेली तरी. कॅनडातील मिकी भाटिया यांच्या प्रयोगशाळेला मात्र त्याच आजारात दुसरीच गोष्ट दिसली: ल्युकेमिया मज्जेतील मेदपेशींची संख्याच घटवतो, आणि त्यामुळे निरोगी रक्ताची निर्मिती कोलमडते. औषधाने मेदपेशी पुन्हा वाढवल्या, तेव्हा उंदरांत निरोगी पेशींची वाढ सुधारली आणि कर्कपेशींची वाढ मंदावली.

एका गटाच्या मते मेदपेशींचा पुरवठा तोडायला हवा, दुसऱ्याच्या मते मेदपेशी वाढवायला हव्यात. ही निव्वळ विद्वानांची झटापट नव्हे. चुकीच्या बाजूने औषध दिले तर किंमत रुग्ण मोजणार. दोन्ही निरीक्षणे एकाच घटनेच्या दोन अवस्था असणेही शक्य आहे: जी पेशी सतत लुटली जाते, ती अखेर आक्रसते आणि नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर निरोगी रक्ताचा आधारही जातो. पण ‘शक्य आहे’ आणि ‘सिद्ध झाले’ यांत अंतर असते. मज्जेतील मेदपेशींना लक्ष्य करणारे औषध म्हणून ल्युकेमियासाठी मान्यता मिळालेले असे आजवर काही नाही.

येथे एका गैरसमजाचा बंदोबस्त करणे आवश्यक आहे. हे सारे वाचून ‘तूपतेल बंद केले की हाडांतली चरबी जाईल’ असा सल्ला कोणी रुग्णाच्या घरी देऊ लागला, तर तो उलटा ठरण्याचा धोका आहे. मज्जेतील चरबी पोटावरच्या चरबीसारखी वागत नाही. उपासमारीत शरीरावरची चरबी झडते, पण मज्जेतली वाढू शकते. अन्न टाकून देणाऱ्या अॅनोरेक्सियाच्या रुग्णांत हे स्पष्ट दिसले आहे. २०१४ मध्ये विल्यम कॉथॉर्न, ऑर्मंड मॅकडुगल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की उपासमारीच्या काळात अॅडिपोनेक्टिन या संप्रेरकाची रक्तातील पातळी वाढते, तिला मज्जेतील चरबीही हातभार लावते. एर्लिख यांना जे ओसाड घरातले गवत वाटले होते, ते संप्रेरक स्रवणारे अवयव निघाले.

प्रयोगशाळांतील रोजचे काम मात्र फारसे बदललेले नाही. मज्जेचा तुकडा आजही आम्लातून, अल्कोहोलमधून, झायलीनमधून मेणात जातो. अहवालात मज्जेचा किती टक्के भाग रक्तपेशींनी भरलेला आहे ते लिहितात, आणि तो वयाला साजेसा आहे का हे ठरवायला एक जुना ठोकताळा वापरतात: १०० मधून वय वजा करायचे. ३० वर्षांच्या माणसाच्या मज्जेत सुमारे ७० टक्के पेशी अपेक्षित, ७० वर्षांच्या माणसाच्या मज्जेत सुमारे ३०. बाकी उरते ती चरबी. तिच्यासाठी त्या हिशेबात वेगळा आकडा नसतो. ती वजाबाकीतून मिळते.